पाचशे घोडे आणि एक डावा पाय

अमेरिकेत ड्रॅग स्ट्रिप म्हणून एक सरळसोट रस्ता असतो. १३२० फूट, म्हणजे पाव मैल, आपल्या हिशेबात ४०२ मीटर. त्याला वळण नाही, चढ नाही, खड्डा नाही, मधे बसलेली म्हैस नाही. साताऱ्यात गाडी शिकलेल्या माणसाला हे बघून पहिला प्रश्न पडतो की यात अवघड काय आहे? दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा लागतो, दोघंही ॲक्सिलरेटर दाबतात आणि बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. एवढ्यासाठी माणसं शंभर-शंभर मैलांवरून येतात, तास-दीड तास रांगेत उभी राहतात आणि बारा सेकंद झाले की परत त्याच रांगेच्या शेपटाला जाऊन लागतात. हे बघून मला अमेरिकेबद्दल पहिल्यांदा खरी आपुलकी वाटली.

या खेळाचा जन्म विमानतळावर झाला. दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातली तरणी पोरं जुन्या गाड्यांना मोठी इंजिनं बसवून सार्वजनिक रस्त्यांवर उधळायला लागली, तेव्हा त्यांना कुठेतरी नेऊन घालणं भाग होतं. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि उनाडपणाला नियमावली मिळाली. सुरुवातीला दोन गाड्यांच्या मधे एक माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा आणि शर्यत सोडताना स्वतःच हवेत उडी मारायचा. १९६३ साली त्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. वर दोन बारीक दिवे, तुम्ही जागेवर नीट उभे आहात की नाही हे सांगणारे. त्याखाली तीन पिवळे, मग हिरवा आणि सगळ्यात खाली लाल.

पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं लागतात, आणि जाणकार हिरव्याची वाट बघत नाहीत. शेवटचा पिवळा दिसला की सुटायचं. तुमचा पाय हलेपर्यंत, गाडी हलेपर्यंत हिरवा लागलेला असतो. जो हिरवा बघून निघाला तो उशिरा निघाला, असं इथलं शास्त्र आहे. हे ऐकून मला पुण्यातल्या समस्त दुचाकीस्वारांची आठवण झाली. आयुष्यभर ज्यासाठी दंड भरला ते कौशल्य सातासमुद्रापार खेळ म्हणून मान्यता पावलेलं आहे. फरक एवढाच की इथे जरा लवकर निघालात तर लाल दिवा लागतो, तुम्ही शर्यतीतून बाद होता आणि मामाला पन्नास रुपये देऊन तो दिवा बंद होत नाही.

आणखी एक गंमत. तुमच्या वेळेचं घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होतच नाही. ते सुरू होतं तुमचं पुढचं चाक उभं राहण्याच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की. म्हणजे हिरवा लागल्यावर तुम्ही शेंगदाण्याची पुडी सोडलीत, चार दाणे तोंडात टाकलेत, पुडी नीट बांधून ठेवलीत आणि मग निघालात, तरी तुमची वेळ तीच येते. शर्यत अर्थातच हरता; शेजारचा एव्हाना चहा पीत असतो. पण कागदावरची वेळ निष्कलंक.

आता दाजींकडे येतो. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे कोरेगावचे, कित्येक वर्षांपासून न्यू जर्सीतल्या एडिसनचे. पन्नाशी ओलांडली की माणूस अध्यात्माकडे वळतो नाहीतर गुडघ्याच्या डॉक्टरकडे. दाजी कॉर्वेटकडे वळले. साधीसुधी नाही, झेड-झिरो-सिक्स, २००८ सालची, सात लिटरचं इंजिन, ५०५ अश्वशक्ती. जुनी घेतली म्हणजे बचतच झाली, असं त्यांनी ताईला सांगितलं. ताईनं विचारलं, “सीट किती आहेत?” दोन. “आणि आपण माणसं चार.” यावर दाजींनी विषय बदलून इंजिनाकडे नेला.

या गाडीत ऑटोमॅटिक गिअर मिळतच नसे. सहा गिअर, सगळे हातानं टाकायचे, आणि डाव्या पायाला चांगला जड क्लच. पुढे २०१० पासून हातगिअरच्या कॉर्वेटला ‘लाँच कंट्रोल’ मिळू लागला; म्हणजे पेडल तळाला दाबा, इंजिन किती फिरवायचं ते गाडीच ठरवील. दाजींची दोन वर्षं आधीची. त्यामुळे सुटण्याची सगळी जबाबदारी दाजींवर आणि त्यांच्या डाव्या पायावर येऊन पडली. त्या पायानं अमेरिकेत आल्यापासून ऑटोमॅटिक गाड्यांत नुसता आराम केलेला होता.

एडिसनहून अर्ध्या तासावर इंग्लिशटाउनची प्रसिद्ध स्ट्रिप होती. १९६५ पासून चालू असलेल्या त्या जागेवरच्या ड्रॅग शर्यती जानेवारी २०१८ मध्ये बंद झाल्या आणि दाजींच्या अंगात ही हौस संचारली ती नेमकी त्यानंतर. त्यामुळे आता पेनसिल्व्हेनियातल्या एका स्ट्रिपवर जावं लागतं. तिथे ‘टेस्ट अँड ट्यून’च्या संध्याकाळी कोणीही येऊन पैसे भरून गाडी पळवू शकतो. मुलांची मिनी व्हॅन चालते, बायकोची चालते, ऑफिसची चालत असावी असा मला संशय आहे.

शेव्हरोलेनं या गाडीची पाव मैलाची वेळ ११.७ सेकंद सांगितली होती. दाजींच्या पहिल्या धावेची चिठ्ठी आली, १४.१. इथला नियम असा की १३.९९ किंवा त्याहून जलद जाणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं. दाजींनी भारीतलं हेल्मेट घेतलं होतं. नियमाप्रमाणे त्याची गरज नव्हती, हे तिथल्या माणसानं फार अदबीनं सांगितलं.

ही चिठ्ठी हा या खेळातला सगळ्यात निर्दय प्रकार. धाव संपली की परतीच्या रस्त्यावर एका खिडकीतून कागदाचा कपटा हातात देतात. त्यावर तुम्ही किती सेकंद झोपला होतात, पहिले साठ फूट किती वेळात गेलात, अर्ध्या अंतरावर कुठे होतात, शेवटी वेग किती होता, सगळं छापलेलं असतं. आणि जाणकार माणूस त्यातले दोनच आकडे बघतो. शेवटचा वेग सांगतो की इंजिनात दम किती आहे. एकूण वेळ सांगते की चालवणाऱ्यात किती आहे. दाजींच्या चिठ्ठीवर वेग होता ताशी ११८ मैल आणि साठ फुटांची वेळ २.७ सेकंद. म्हणजे इंजिनाला पैकीच्या पैकी मार्क आणि दाजी नापास, असं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलेलं. नवऱ्याची चूक तीन दशांश स्थळांपर्यंत मोजून देणारी यंत्रणा आहे हे ताईला कळलं, तेव्हा तिला या खेळात प्रथमच रस वाटू लागला.

नापास झालेला मुलगा अभ्यास सोडून नवीन दप्तर मागतो. दाजींनी हवा आत घेणारी नळी बदलली, धूर बाहेर टाकणारी नळी बदलली, आणि मधल्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवा प्रोग्रॅम घातला. वीसेक घोडे वाढले म्हणतात. पुढच्या खेपेला वेळ आली १४.३. घोडे वाढले आणि गाडी हळू झाली. मी आपला गप्प राहिलो. मेहुण्यानं मेहुण्याच्या पायावर बोलू नये.

बोलायला बाकीचे होतेच. आपण गाडीचं बॉनेट उघडून उभं राहायचा अवकाश, जगातला प्रत्येक पुरुष मेकॅनिक होतो. हे मी शिरवळच्या टपरीसमोर पाहिलं आहे आणि पेनसिल्व्हेनियातही पाहिलं. एक म्हणाला, पाच हजारांवर इंजिन फिरव आणि क्लच एकदम सोड. दुसरा म्हणाला, दोन हजारांच्या वर जाऊच नको. तिसऱ्यानं मागच्या टायरची हवा कमी करायला सांगितली, चौथ्यानं पहिल्या तिघांचं ऐकू नको म्हणून सांगितलं. एक गृहस्थ नुसतेच टायरला लाथ मारून “हं” म्हणून गेले. त्यांचा सल्ला मला सगळ्यात बिनधोक वाटला.

दाजींनी आधी पाच हजारवाल्याचं ऐकलं. मागचे दोन्ही टायर जागेवर फिरले, पांढरा धूर निघाला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि गाडी डावीकडे सरकून कडेच्या कठड्याची विचारपूस करून आली. मग दोन हजारवाल्याचं ऐकलं. क्लच पटकन सुटला, इंजिनानं मान टाकली, पाचशे पाच घोडे घोटभर पाणी प्यायला थांबल्यासारखे क्षणभर थांबले आणि शेजारची कुटुंबवत्सल होंडा पुढे निघून गेली. धूर काढला तरी पंचाईत, दम कोंडला तरी पंचाईत. यांच्या मधली जी जागा आहे ती शोधण्यात लोकांची वर्षं जातात.

हिशेब साधा आहे. या इंजिनाचा पीळ पहिल्या गिअरमधून आणि मागच्या डिफरन्शिअलमधून चाकापर्यंत पोचतो तेव्हा तो नऊ पटींनी वाढलेला असतो. तेवढा जोर जमिनीवर टाकायला टायरकडे काय असतं? मागच्या दोन चाकांवर आलेलं वजन आणि रबराची पकड. रस्त्यावरच्या साध्या टायरना इंजिन देऊ शकतं त्याच्या निम्म्याच्या आसपास जोर पेलतो. बाकीचा सगळा धुरात जातो. आणि टायर एकदा पूर्ण घसरायला लागला की उरलेली पकडही कमी होते. मग तुम्ही पेडल जितकं दाबाल तितके जागच्या जागी राहाल. म्हणजे पाचशे घोड्यांचे पैसे मोजायचे आणि सुटताना त्यातले निम्मे तबेल्यात बांधून ठेवायचे. ज्याला हे जमलं त्याला ड्रॅग रेसिंग जमलं. दाजींना ते पटायला जड गेलं, कारण त्यांनी सगळ्या घोड्यांचा हप्ता भरला होता.

स्ट्रिपवाले आपल्या बाजूनं जमेल तेवढं करतात. सुटण्याच्या जागेवर ते चिकट द्रव फवारतात, वर टायरच्या रबराचे थरावर थर चढलेले असतात. तिथून चालत गेलात तर बूट सोडवून घ्यावा लागतो. चप्पल असेल तर ती ठेवून पुढे जावं लागतं. त्याच्या अलीकडे पाण्याचं एक डबकं केलेलं असतं. शर्यतीचे खास गुळगुळीत टायर लावलेल्या गाड्या त्या पाण्यात चाकं भिजवतात, मग जागेवर गरगर फिरवून धूर काढतात, की रबर तापून मऊ होतं. रस्त्यावरचे टायर लावलेल्यांनी त्या डबक्याला वळसा घालून जायचं असतं, कारण त्यांच्या टायरच्या खाचांमध्ये पाणी भरतं आणि ते पाणी नेमकं सुटण्याच्या रेषेवर जाऊन सांडतं. दाजी ऐटीत डबक्यातून गेले. मागे रांगेत उभ्या असलेल्या पंचवीस जणांनी एकाच वेळी हॉर्न वाजवला. अमेरिकेत लोक हॉर्न वाजवत नाहीत ही माझी समजूत त्या संध्याकाळी दूर झाली.

शेवटी तोडगा निघाला तो कोरेगावचा. आपल्याकडे गाडी शिकवताना मास्तर पहिला धडा देतात तो हाफ क्लचचा. सोड, सोड, हळू सोड, आता धर. खंबाटकी घाटात पुढे उसाचा ट्रक थांबलेला, मागे एसटी बंपरला टेकायच्या बेतात, गाडी तसूभरही मागे जाता कामा नये आणि बंदही पडता कामा नये. तेव्हा क्लच जिथे धरायला लागतो ती केसाएवढी जागा डाव्या तळपायाला सापडते आणि जन्मभर विसरत नाही. दाजी वडिलांच्या जीपवर हेच शिकले होते. फक्त अमेरिकेत त्या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. तिथल्या तरुण पिढीला तीन पेडलची गाडी दिली तर चोरून नेता येत नाही.

सुटताना करायचं ते एवढंच: इंजिन अडीच-तीन हजारांवर धरायचं, क्लच धरायच्या जागेपर्यंत आणायचा, आणि तिथून तो एकदम न सोडता, घसरता ठेवत, गाडी पाच-सहा हात पुढे जाईपर्यंत सावकाश सोडत न्यायचा. त्याच वेळी उजवा पाय टायरचा आवाज ऐकत खाली जायचा. टायर किंचित कुरकुरला पाहिजे, किंचाळला नाही पाहिजे. पूर्ण पेडल नंतर. आधी मिळालेली पकड नंतरच्या सगळ्या अंतराला पुरते. पहिल्या साठ फुटांत एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात, असा इथला जुना ठोकताळा आहे. मागच्या टायरची हवाही थोडी कमी केली, म्हणजे तिसऱ्या सल्लागाराचं बरोबर होतं. चौथ्याला ते सांगायला गेलो तर तो म्हणाला, मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.

हाफ क्लच म्हणजे घाटातली कसरत, असं समजणाऱ्यांसाठी एक माहिती. या खेळातला सगळ्यात आडदांड प्रकार म्हणजे टॉप फ्युएल. नायट्रोमिथेन पिणारी, अकरा हजार घोड्यांच्या घरातली ती यंत्रं शंभर मैलांचा वेग एका सेकंदाच्या आत गाठतात. त्यांना गिअर एकच. आणि त्यांच्या क्लचच्या चकत्या सुटताना मुद्दाम घसरत्या ठेवलेल्या असतात; हवेच्या दाबावर चालणारे टायमर त्या टप्प्याटप्प्यानं आवळत नेतात. म्हणजे खंबाटकीत मास्तर जे “हळू, हळू” म्हणून ओरडतात तेच काम तिथे यंत्र करतं. फक्त ते कानाखाली वाजवत नाही. आणि पाय व हात दोन्ही पक्के असतील तर माणूस काय करू शकतो त्याचा दाखला म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाचे रॉनी सॉक्स. साठ-सत्तरच्या दशकांत प्लिमथ गाड्यांचे चार गिअर त्यांनी असे टाकले की लोक त्यांना ‘मिस्टर फोर-स्पीड’ म्हणू लागले. आमच्याकडे अशी कीर्ती फक्त एसटीच्या काही ड्रायव्हरांना लाभली, तीही डेपोपुरती.

दाजींची साठ फुटांची वेळ हळूहळू १.९ वर आली आणि एकूण १२.२. हेल्मेट सार्थकी लागलं. आनंदाच्या भरात त्यांनी लगेच ब्रॅकेट शर्यतीत नाव घातलं. हा प्रकार ज्यानं शोधला तो सरकारी कचेरीतून आला असावा. शर्यतीआधी तुमची गाडी किती सेकंदांत जाईल तो आकडा काचेवर रंगवायचा. हळू गाडीला दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक तेवढी आधी सोडतात. आणि तुम्ही जाहीर केलेल्या वेळेपेक्षा जलद गेलात तर हरलात! ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त काम केलं म्हणून शिक्षा होणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

दाजींसमोर आल्या पांढऱ्या केसांच्या एक आजी, जुन्या ऑटोमॅटिक शेव्हरोले नोव्हात. काचेवर १५.४०. दाजींच्या काचेवर १२.२०. आजी तीन सेकंद आधी सुटल्या. दाजी मागे शांत बसून आपल्या दिव्याची वाट बघत होते, आणि तीन सेकंद शांत बसणं हे त्यांना लग्नानंतर प्रथमच जमलं. मग ते सुटले. सुटले म्हणजे आयुष्यात सुटले नव्हते इतके छान सुटले. शेवटच्या रेषेपूर्वी आजींना गाठलं, ओलांडलं आणि १२.११ सेकंदांत पोचून हरले. आजींची वेळ १५.४२. मी नंतर त्यांची गाडी बघायला गेलो. रेडिओच्या जागी भोक, सीटवर घरी विणलेलं कव्हर. आजी म्हणाल्या, “तुझ्या माणसाची गाडी फार सुंदर आहे.” हे मी दाजींना सांगितलेलं नाही.

खरी फजिती मात्र परतीच्या रस्त्यावर झाली. पेट्रोलच्या सरकारी चाचणीत मायलेज बरं दिसावं म्हणून कॉर्वेटमध्ये एक योजना बसवलेली असते: पेडल हलकं असेल आणि गाडी सावकाश जात असेल तर पहिल्यानंतर दुसरा गिअर पडतच नाही, दांडी थेट चौथ्यात जाते. शर्यतीत पेडल तळाला असतं, तेव्हा हा त्रास नाही. पण धाव संपवून, चिठ्ठी घेऊन, प्रेक्षकांसमोरून रुबाबात हळूहळू येताना नेमकी चौथ्यात जाते आणि गाडी हिसके देऊ लागते. पाव मैल बारा सेकंदांत कापलेली गाडी त्या दिवशी भजीच्या गाड्यासमोर बंद पडली. भजी म्हणजे तिथली कांद्याची तळलेली कडी. चव वाईट नव्हती.

आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. म्हणजे इथेही सुरुवात विमानाच्याच जागेवर. हाफ क्लच येणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पाव मैल सरळ, रिकामा रस्ता तेवढा मिळत नाही. पुणे-बंगळूर हायवे हा तो रस्ता नव्हे, हे रात्री अकरानंतर तिथे बुंगाट सुटणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावं.

२०२० पासूनच्या कॉर्वेटमध्ये क्लचचं पेडलच नाही. दोन क्लच आत कुठेतरी आहेत, त्यांना कॉम्प्युटर हलवतो आणि तो कधी चुकत नाही. दाजींना कोणीतरी ती चालवायला दिली. पहिल्याच फटक्यात ती अशी सुटली की त्यांची जन्माची मेहनत फुकट ठरली. उतरून म्हणाले, “यात मी काय केलं?” काहीच नाही. तेव्हा डाव्या पायाची ही कसरत ज्यांना पाहायची असेल त्यांनी अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे जातील तेव्हा एक संध्याकाळ राखून ठेवावी, आणि फार वर्षं थांबू नये. जाताना कानात घालायला घरून कापूस न्या. गेटवर मिळतो तो महाग पडतो.